नाट्यशिबिरातले खेळ आखताना

(शाळकरी मुलांसाठी नाट्यशिबिरं घेणाऱ्या तरुण स्वयंसेवकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



येत्या सुट्टीत तुम्ही आपापल्या मोहल्ल्यात, गावात, शाळेच्या एखाद्या वर्गात मुलांना जमवून नाट्यशिबिरं घेणार आहात. नाटक कसं बसवायचं हे सांगायला जाणकार मंडळी दुपारी येतील. मला खेळांबद्दल बोलायचं आहे. 'वॉर्मअप' म्हटलं की आपल्याला वाटतं, थोडी पळापळ, थोडा आरडाओरडा, मुलांची मस्ती जिरली की खरं काम सुरू. माझा अनुभव असा की एखादं मूल पुढे नाटकात तोंड उघडणार की नाही, हे बहुतेक वेळा या खेळांतच ठरून जातं.

३० मुलांचा गट डोळ्यांसमोर आणा. चार-पाच जण आल्या आल्या नकला करून दाखवतात. वीसेक जण त्यांच्याकडे बघून हसतात. आणि पाच-सहा जण भिंतीला टेकून उभे असतात. तुमची आखणी या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलांसाठी करा. बाकीची मुलं कोणताही खेळ दिला तरी खेळतात.

ती मुलं भिंतीपाशी का असतात? एखादं अडखळत बोलतं. एखादीला घरी सारखं 'हळू बोल, हळू हस' ऐकावं लागतं. कुणाच्या घरी दखनी किंवा कोकणी बोलतात आणि वर्गात त्याच्या मराठीला सगळे हसलेले असतात. आणि काही मुलं अशी असतात की नाव बघूनच त्यांना स्नेहसंमेलनात भूमिका मिळते: कधी खान, कधी सुलतान, कधी दहशतवादी. तुमच्यातल्या काहींना हे सांगायची गरज नाही. अशा मुलाला पहिल्याच दिवशी 'चल, पुढे ये, काहीतरी करून दाखव' म्हटलं, तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही.

म्हणून पहिला नियम: आपल्या खेळात कुणी बाद होत नाही. संगीत खुर्ची आठवा. सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? जो बुजतो, ज्याला धक्का मारता येत नाही, तो. म्हणजे ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तोच सगळ्यात जास्त वेळ बसून राहतो. तोच खेळ उलटा खेळा. खुर्च्या कमी करत जा, मुलं कमी करू नका. शेवटी चार खुर्च्यांवर दहा-बारा जणांनी स्वतःला कसं सामावून घ्यायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. आपल्याकडच्या विषामृतात हीच गंमत आहे. ज्याला विष मिळालं तो जागीच थिजतो, पण मित्राने अमृत दिलं की पुन्हा पळायला लागतो. असे खेळ आपल्याच अंगणात आहेत, ते आधी घ्या.

दुसरा नियम क्रमाचा. आधी सगळे एकत्र, मग जोड्या, मग चार-पाच जणांचे गट, आणि सर्वांत शेवटी इतरांसमोर सादरीकरण. सगळे एकाच वेळी वेडेवाकडे चालत असले की कुणी कुणाकडे बघत नाही. जोडीत एकच माणूस बघतो. गटात चौघांचा आधार असतो. ही पायरी गाळली की मूल एकदम परीक्षेला उभं केल्यासारखं होतं.

९० मिनिटांचं सत्र असेल तर साधारण असं मांडा. पहिली १५ मिनिटं सगळ्यांचे खेळ: मोकळ्या जागेत चालणं, टाळी वाजली की थांबणं, चिखलातून, तापलेल्या वाळूतून, भरलेल्या लोकलमधून चालणं. पुढची २० मिनिटं जोड्यांचे खेळ. मग ३० मिनिटं गटांत प्रसंग रचायला आणि एकमेकांना दाखवायला. १५ मिनिटं गोल बसून बोलणं. उरलेली १० मिनिटं हातात ठेवा, कारण मुलं उशिरा येतात आणि बाकं हलवायलाही वेळ लागतो.

जोड्यांचे खेळ कुठून आणायचे? यासाठी दोन माणसांची नावं लक्षात ठेवा.

पहिली व्हायोला स्पोलिन. जन्म १९०६, शिकागोची. परदेशांतून येऊन तिथल्या गरीब वस्त्यांत राहिलेल्या कुटुंबांच्या मुलांसोबत ती काम करायची. वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या भाषा घेऊन आलेली ही मुलं. त्यांना भाषणं देऊन नाटक शिकवता येणार नव्हतं, म्हणून तिने खेळ रचले. १९६३ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि जगभरच्या नाट्यशिक्षकांनी ते उचललं. तिचा आरशाचा खेळ तुम्ही पाहिला असेल. दोघं समोरासमोर, एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. मग अदलाबदल. शेवटी दोघांपैकी कुणीच पुढारी नाही, दोघंही एकमेकांच्या मागे. हा खेळ घेताना मुलांना 'सावकाश, सावकाश' म्हणत राहा. भरभर हलणारं मूल जोडीदाराला हरवायला बघतं. सावकाश हलणारं त्याला सोबत घेतं.

तिचाच दुसरा खेळ अर्थ नसलेल्या भाषेचा. अगडमबगडम बोलून जोडीदाराला भाजी विकायची, रस्ता विचारायचा, भांडायचं. आपल्या शिबिरांत याला मी सर्वांत वरची जागा देते. उर्दू माध्यम, मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम अशी मुलं एकत्र आली की भाषेवरून लगेच वरखाली लागतं. अगडमबगडममध्ये कुणाचं व्याकरण चुकत नाही, कुणाचे उच्चार हसण्याजोगे ठरत नाहीत. हा खेळ पहिल्याच दिवशी घ्या. मग हळूहळू मुलं ज्या भाषेत घरी बोलतात तिच्यात प्रसंग करू द्या. दखनीत करायचा असेल तर दखनीत.

दुसरं नाव ऑगस्तो बोआल, ब्राझीलचा. जन्म १९३१. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्याला पकडलं, छळ केला, आणि त्याला देश सोडावा लागला. पुढे तो परत गेला, रिओ शहराचा नगरसेवकही झाला. प्रेक्षकाने नुसतं बघत बसू नये, उठून नाटकात यावं आणि गोष्ट बदलून दाखवावी, ही त्याची धडपड. बंगालमध्ये 'जन संस्कृती' या संस्थेने हीच पद्धत खेड्यापाड्यांत नेली. बोआलचा एक सोपा खेळ: एक मूल आपला तळहात जोडीदाराच्या चेहऱ्यापासून दीड वीत अंतरावर धरतं. हात जाईल तिकडे चेहऱ्याने जायचं, अंतर तेवढंच ठेवायचं. मग भूमिका बदला आणि दोघांनाही विचारा, 'हात होताना कसं वाटलं? चेहरा होताना?' सातवी-आठवीच्या मुलांकडून सत्तेबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यासाठी वेगळा तास घ्यावा लागत नाही.

आता आपल्या वस्त्यांत कामाला लागणाऱ्या काही गोष्टी.

आरसा आणि तळहात या दोन्ही खेळांत कुणी कुणाला शिवत नाही. मुलंमुली एकत्र असलेल्या गटात सुरुवातीला असेच खेळ ठेवा. साखळी करायची असेल तर हात धरण्याऐवजी रुमालाची दोन टोकं धरू द्या, सर्वांनाच. 'कुणाला हात धरायची अडचण आहे का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्या मुलीला मग सगळ्यांसमोर खुलासा करत बसावं लागतं. ओढणी कमरेला बांधायची असेल तर ती बांधायला वेळ द्या. जमिनीवर लोळायचे खेळ पहिल्या आठवड्यात नकोत.

रमजानमध्ये सत्र असेल तर पळण्याचे आणि जोरात ओरडण्याचे खेळ काढा, बसून करायचे ठेवा. रोजा कुणाचा आहे, कुणाचा नाही, हे विचारायची गरज नाही. सगळ्यांना झेपेल तेच घ्या.

शिबिराआधी खोली स्वतः बघून या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून पळू देऊ नका. बाकांचे कोपरे, पंख्याचं बटण, पाण्याची जागा बघा. खेळाची सूचना दोन वाक्यांत द्या आणि लगेच करून दाखवा. रंगात आलेला खेळ रंगात असतानाच थांबवा, म्हणजे उद्या मुलं तोच मागतात. थांबायची खूण एकच ठरवा. मी हात वर करते. ज्याला दिसला त्यानेही वर करायचा.

एक सावधगिरी. खेळांतून मुलं मोकळी होतात आणि कधी घरचं, शाळेतलं दुखणं अचानक बाहेर येतं. 'तुला त्रास देणाऱ्याचा पुतळा कर' असं सांगितलं आणि एखाद्याने घरातलाच माणूस उभा केला, तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. खेळ हळूच पुढे न्या. नंतर शिबिरातल्या जबाबदार मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्या मुलाशी शांतपणे बोला. मारहाण किंवा त्याहून गंभीर काही दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. आपण डॉक्टर नाही, पण कळूनही गप्प बसायचं नाही.

शेवटचा मुद्दा भूमिकांचा. खेळांत सगळे आरसा होतात, सगळे हात होतात, सगळ्यांना विष मिळतं आणि अमृतही. तीच सवय नाटकात न्या. तालमीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा, रोज बदला. अफसाना शिवाजी होईल, रोहन खान होईल, आणि खलनायक एक दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येईल. कोणाला काय जमतं हे त्यानंतरच ठरवा. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तेव्हा वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या नाटिका स्वतः रचल्या. आपली मुलंही रचतील. त्यांच्या गोष्टीत त्यांनी कोण व्हायचं, हे त्यांच्या नावावरून आधीच ठरलेलं नसलं म्हणजे झालं.

प्रत्येकाने आज रात्री पहिल्या दिवसाचा कागद तयार करायचा आहे: खेळ, वेळ, जागा, सामान, आणि भिंतीपाशी उभं असलेलं मूल यात कसं येईल, याची एक ओळ. ती ओळ सुचली नाही तर तो खेळ बदला. उद्या सकाळी आपण हे कागद एकमेकांचे वाचू.

आता चपला बाहेर काढा, खुर्च्या मागे सरकवा. आधी आपण खेळू.