बालशिक्षणाच्या नव्या पद्धती आणि आपली मुले

(पालकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी अनेक मातापित्यांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत मला विचारला आहे. मूल चार वर्षांचे झाले, बालवर्गात जाऊ लागून वर्ष लोटले, तरी त्याला 'अ' काढता येत नाही. विचारावे तर बाई म्हणतात, ते खेळते आहे आणि खेळातूनच शिकते आहे. शेजारच्या शाळेतील मूल मात्र घडाघडा अंक म्हणून दाखविते. तेव्हा ही नवी पद्धत म्हणजे आपल्या मुलांना मागे ठेवण्याचा नवा प्रकार तर नव्हे?

ही शंका अडाणीपणाची आहे असे जे समजतात, त्यांना आपला इतिहास ठाऊक नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्या गोणपाटावर बाबासाहेब बसत, ते त्यांना रोज घरून आणावे लागे आणि रोज परत न्यावे लागे. अक्षर हे आपल्याला कोणी सहज हाती दिलेले नाही. म्हणून 'अक्षराची घाई करू नका' हे वाक्य ऐकताच आपले कान टवकारतात, आणि ते टवकारलेच पाहिजेत.

एक उदाहरण सांगतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलाने दिवसाचे तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी ती होती. हातांनी काम करून शिकणे, गाव हीच शाळा, असे तिचे समर्थन होते. ऐकावयास किती गोड! परंतु चांभाराच्या मुलाने चांभारकी शिकावी आणि परटाच्या मुलाने धुणे, एवढाच तिचा अर्थ होतो हे तेथील जनतेने ओळखले. द्रविड चळवळीने रान उठविले. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज मुख्यमंत्री होताच ती योजना रद्द झाली. शिक्षणाचे तत्त्वज्ञान कानास गोड लागते म्हणून ते आपल्या हिताचे ठरत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

पण म्हणून सर्व नव्या पद्धती एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. आज शहरांतील श्रीमंत वस्त्यांत ज्या नावांच्या पाट्या झळकतात, त्यांचा जन्म कोठे झाला ते पाहा. डॉ. मारिया माँटेसरी या बाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो नावाच्या दरिद्री वस्तीत उघडले. आईबाप मजुरीला गेले की जी पोरे चाळीच्या जिन्यांत हुंदडत, त्यांच्यासाठी ते होते. वॉल्डॉर्फ नावाची दुसरी पद्धत १९१९ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे सिगारेटच्या एका कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली. कारखान्याचे नाव तेच शाळेला मिळाले. मजुरांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा पुढे पुष्कळ ठिकाणी मजुरांच्या मुलांना परवडेनाशा झाल्या!

ह्या दोन पद्धतींची नावे लोक एका श्वासात घेतात. परंतु अक्षराच्या बाबतीत त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. माँटेसरीबाई चार वर्षांच्या मुलाच्या हाती खरखरीत कागदाची अक्षरे देतात. मूल त्यावरून बोट फिरविते, तोंडाने उच्चार करते, आणि पुढे एके दिवशी आपण होऊन लिहू लागते. म्हणजे तेथे जो खेळ दिसतो तो अक्षराकडेच नेणारा असतो. वॉल्डॉर्फचे प्रणेते रुडॉल्फ स्टायनर यांचे मत मात्र असे की, मूल सातव्या वर्षाच्या सुमारास येईपर्यंत त्याला वाचन शिकवूच नये. गोष्टी, गाणी आणि हस्तव्यवसाय यांतच त्याला रमू द्यावे.

उशिरा वाचू लागलेले मूल कायमचे मागे राहते काय? न्यूझीलंडमध्ये ह्याचा अभ्यास झालेला असून तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी वाचन शिकलेली मुले आणि स्टायनरच्या शाळांतून सातव्या वर्षी शिकलेली मुले यांची तुलना केली असता, अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता, असे दिसले. तेव्हा पाचव्या वर्षी वाचता आले नाही म्हणून मूल बुडाले असे समजून त्याला झोडपू नका. परंतु तो निष्कर्ष त्या देशातील घरांचा आहे, हेही विसरू नका. ज्या घरी पुस्तकांचे कपाट आहे आणि निजताना आई गोष्ट वाचून दाखविते, तेथील मुलाला शाळेने दोन वर्षे अक्षर दिले नाही तरी घर देतच असते. ज्या घरी आई पहाटे कामावर जाते व बाप रात्री परततो, तेथे शाळेने दिले नाही तर देणार कोण? माझे मत विचाराल तर, अशा घराने सातव्या वर्षापर्यंत थांबण्याचा धोका पत्करू नये. थांबावयाचेच असेल, तर ही मुले तिसरी संपेपर्यंत वाचू लागतील याची खात्री शाळेने कशी ठेवली आहे ते आधी विचारून घ्यावे.

आता मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एका भगिनीने मला रागाने सांगितले, "दादा, मी मुलीला शिकायला पाठविली, आणि तेथे तिच्या हातात केरसुणी दिली." माँटेसरी पद्धतीत झाडणे, पुसणे, भांडी घासणे, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे हे पाठच असतात, त्यांनी हात स्थिर होतो व लक्ष एकाग्र होते. रोमच्या मुलाच्या हाती केरसुणी आली तर तो निव्वळ पाठ असतो. आपल्या मुलाच्या हाती ती आली की मागच्या सगळ्या पिढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत वर्ग झाडण्याची पाळी आमच्याच वस्तीतील पोरांवर येई आणि पाण्याच्या माठाची पाळी आमच्यावर कधीच येत नसे. मी त्या भगिनीला इतकेच म्हणालो की, ताई, एक दिवस शाळेत जाऊन बसा आणि पाहा. केरसुणी सर्वांच्या हाती फिरते काय? आणि आपल्या मुलीने ओतलेले पाणी सर्व मुले पितात काय?

ती गेली, बसली. तिच्या मुलीने पेल्यांत पाणी ओतले आणि वर्गातील सर्व मुलांनी ते घेतले. वकिलाच्या मुलाने फरशी पुसली. बाई परत आली तेव्हा तिचा राग राहिला नव्हता. पण हेच दृश्य उलटे असते, तर त्या शाळेतून मुलीला त्याच दिवशी काढून घ्या, असेच मी सांगितले असते.

तिसरी शंका धर्माची. स्टायनर यांच्या विचारात पुनर्जन्म आणि पूर्वजन्मीचे कर्म यांना मोठे स्थान आहे; मानववंशांविषयीही त्यांनी उच्चनीचतेची विधाने केलेली आहेत. जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळांच्या संघाने २००७ साली वंशभेदाविरुद्ध जाहीर निवेदन काढले, ही चांगली गोष्ट झाली. हे तत्त्वज्ञान मुलांना शिकवीत नाही, ते शिक्षकांपुरते आहे, असे त्या शाळा सांगतात. तरीसुद्धा मुलाकडे पाहणारी दृष्टी शिक्षकाचीच असते. मुलाची स्थिती ही मागच्या जन्मीची करणी, हे मत ज्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला आहे ते मान्य करू शकत नाहीत. म्हणून शिक्षकाला सरळ विचारावे, "माझे मूल मागे पडले तर त्याचे कारण तुम्ही कोठे शोधाल?" शिकविण्यात शोधू, असे उत्तर आले तर ठीक.

प्रार्थनेसंबंधी तर भांडणाचे कारणच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणत्याही अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. चार ओळींचे पत्र लिहून मुख्याध्यापकांस द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. तद्वतच, 'हवे तर छडी मारा, पण शिकवा' असे म्हणणाऱ्या बंधूंनी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ पाहावे. शारीरिक शिक्षेला तेथे मनाई आहे. छडी ही काही आपली मिळकत नव्हे की तिचा आपण आग्रह धरावा.

आपल्या महाराष्ट्रात हे काम गरिबांच्या दारी नेले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम केले. महागडी विदेशी साधने बाजूला सारून शंख, शिंपले, बिया, पाने यांतून त्यांनी गणित शिकविले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे तो देशभर झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरविली. मुलाने आधी गुरे सोडून यावे, अशी अट त्यांनी घातली नाही. नवी पद्धत गरिबाला परवडत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला कोसबाडचे नाव सांगा.

सान लोरेन्झोच्या त्या पहिल्या बालगृहाचे नियम ठरलेले होते. त्यांत एक असा होता की, आईने आठवड्यातून एकदा तरी येऊन बाईंशी आपल्या मुलाविषयी बोलावे. त्या आयांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. शाळेत गेल्यावर आपण काय बोलणार, असा संकोच आपल्या भगिनींना वाटतो. आज रात्री मुलाला जवळ घेऊन, आज काय केलेस, असे विचारा. ते जे सांगेल ते घेऊन उद्या शाळेत जा आणि त्याचा अर्थ विचारा. आता ज्यांना आपापल्या मुलांविषयी काही विचारावयाचे असेल त्यांनी विचारावे. भगिनींना प्रथम बोलू द्यावे, अशी अध्यक्षांस माझी विनंती आहे.