करवत पाड्यावर नेताना

(आधारदात्यांच्या वार्षिक मेळाव्यात सुतारकाम विभागाच्या निदेशकांनी केलेले भाषण)



मागच्या वर्षी याच मेळाव्यात जेवणाच्या रांगेत एका ताईंनी मला गाठलं. आपल्या अंकात आमच्या वर्कशॉपचा फोटो आला होता. टेबल एका बाजूला, मोटर दुसऱ्या बाजूला, पाय भिंतीला टेकवलेले. ताई म्हणाल्या, "सर, आम्ही दिलेली करवत मोडली का हो?" मी हसून वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही. आज नीट उत्तर देतो.

करवत मोडलेली नाही, आम्हीच ती सोडवली आहे. पण मधल्या काळात मी एक चूक केली आणि तिची किंमत एका मुलाने मोजली. तेही सांगणार आहे.

ही गोल पात्याची करवत आहे. बिडाचं टेबल, त्याखाली बिडाचाच सांगाडा, दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आणि पट्ट्यावर फिरणारं दहा इंची पातं. एकूण वजन १४० किलो. वर्कशॉपमध्ये हे वजन म्हणजे देणगीच. टेबल थरथरत नाही, काप सरळ येतो. तिच्यावर मुलं शिकली, प्रमाणपत्रं घेतली आणि सुरगाणा तालुक्यातल्या आपापल्या पाड्यांवर परत गेली.

तिथे करवत नव्हती. हातकरवतीने चौकटीची लाकडं मापात आणायची, रंध्याने खाच मारायची, यात इतके दिवस जायचे की मजुरी कुणाला परवडायची नाही. लोक शहरातून तयार दार आणायचे. घरकुलाच्या भिंतीतली जागा क्वचितच गुण्यात असते, त्यामुळे दार बसायचं नाही. मग कुणीतरी भिंत फोडायचा नाहीतर दार तासायचा. आणि आमची मुलं? भातकापणी उरकली की दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर. प्रमाणपत्र पेटीत, हातात छाटणीची कात्री. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यावर घरं चालतात. पण घरातली माणसं सहा-सहा महिने बाहेर राहतात, लहान भावंडांची शाळा सुटते. मुलांनीच विचारलं, "सर, मशीन आमच्याकडे येईल का?"

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. आम्ही पाड्यावर झाडं चिरत नाही. लाकूड वखारीतून चिरून, पावतीनिशी येतं. आम्ही फक्त मापात आणतो आणि जागेवर बसवतो.

पहिल्या प्रयत्नात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, वजन. काटा किराणा दुकानदाराकडून आणला आणि भाग सुटे करून तोलले. टेबल ४५ किलो, सांगाडा ५५, मोटर २६, शाफ्ट-बेअरिंग वगैरे १४. सांगाडा टाकून दिला आणि पस्तीस मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचा नवीन केला, नटबोल्टने सुटणारा. तो भरला २१ किलो. इथवर ठीक होतं. पण मला आणखी हाव सुटली. टेबल वेगळं, शाफ्ट वेगळा, म्हणजे ओझी लहान. पात्यावरचं झाकण काढलं, कारण पिकअपमध्ये ते अडकायचं. पात्याच्या मागे उभी असते ती पोलादी पट्टीही काढली. दोन्ही मिळून तीन किलोसुद्धा नव्हती. मी मुलांना म्हणालो, "एवढ्याशा कामाला काय करायचंय?"

ती पट्टी कशासाठी असते ते सांगायला हवं. पात्याचे पुढचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर येतात. काप बंद झाला किंवा गाईड तिरका लागला, तर लाकूड पात्यावर आवळतं. मागचे दात ते उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. आमच्या पात्याची कड मिनिटाला २८८० फेऱ्यांनी फिरते, म्हणजे ताशी सुमारे १३८ किलोमीटर. पात्यामागची पट्टी कापाच्या दोन्ही बाजू अलग ठेवते. काम इतकंच, पण माणूस आणि ते लाकूड यांच्यामध्ये तेवढीच वस्तू असते.

तिसऱ्या पाड्यावर ते घडलं. शाफ्ट पुन्हा जोडताना केसभर तिरका बसला होता. डोळ्याला दिसत नव्हतं, आणि मी मोजलं नव्हतं. वीस वर्षांचा मुलगा चौकटीचं लाकूड पुढे ढकलत होता. आवाज बदलला आणि लाकूड मागे आलं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. बोटं पात्यापासून लांब होती, म्हणून वाचली. ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सहा आठवडे प्लास्टर होतं. ऑक्टोबरची बागछाटणी त्यातच गेली, म्हणजे घरात यायचा तो पैसाही गेला.

त्याच्या वडिलांना भेटायला गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, मशीन तुमच्या शाळेत होतं तेव्हा असं झालं होतं का?"

"नाही दादा," मी म्हणालो.

ते पुढे काही बोलले नाहीत, चहा ठेवायला सांगितला. तो चहा मला गेला नाही. त्या महिन्यांचा खर्च आपल्या सहाय्यनिधीतून दिला, त्याची नोंद हिशेबात आहे. पण चूक निधीची नव्हती, माझी होती.

चार महिने करवत कोपऱ्यात होती. समितीत काही जण म्हणाले, हा नाद सोडा. काही म्हणाले, नवीन हलकं यंत्र घ्या. बाजारात तशी मिळतात, अॅल्युमिनियमच्या टेबलाची, एका माणसाला उचलता येतील अशी. पण त्यांची मोटर छोटी असते, कार्बन ब्रश झिजतात, दिवसभर सागवान ओढायला लावलं की तापतात. जळली तर दुरुस्तीला शहर गाठावं लागतं. आमच्या मोटरचा पट्टा आणि बेअरिंग वणीच्या बाजारात मिळतं. प्लायवुडचंच काम असतं तर मी हलकं यंत्र घेतलं असतं.

मग पुन्हा कामाला लागलो, आणि या वेळी आधी ठरवलं की काय सुटं करायचं नाही. टेबल आणि शाफ्ट आता कधीच वेगळे होत नाहीत. बेअरिंगचे पेडे टेबलाच्या पोटालाच घट्ट बसवले आहेत, त्यामुळे पातं आणि गाईड यांचं नातं वर्कशॉपमध्ये एकदा जुळवलं की वाटेत बिघडत नाही. हे ओझं ५९ किलोंचं आहे. गाडीरस्ता संपला की दोन बांबूंना बांधून चौघे जण उचलतात, आजारी माणसाला झोळीतून नेतात तसं. मोटर बिजागरीवर लटकते. पिन ओढली की सुटते, आणि जोडल्यावर तिच्याच वजनाने पट्टा ताणला जातो, पान्याने ताण बसवावा लागत नाही. शिवाय तिचं वजन खाली राहतं, म्हणून हलका सांगाडा डुलत नाही. पाय बाहेरच्या बाजूला फाकवले आहेत. चौथ्या पायाला जाड बोल्टचा स्क्रू आहे, कारण पाड्यावर सपाट जमीन कुठून आणणार! सारवलेल्या अंगणात पाय रुततात, तेव्हा खाली फळी घालतो.

झाकण आणि मागची पट्टी टेबलाला कायमची. पिकअपमध्ये अडकतात, अडकू देत.

विजेनेही आम्हाला हेच शिकवलं. पाड्यावर पुरेसा दाब मिळेल अशी एकच जागा असते, पिठाची गिरणी. दुपारी गिरणी बंद असते तेव्हा तिथून वीज घेतो आणि युनिटचे पैसे गिरणीवाल्याला देतो. अंतर पन्नास-साठ मीटर तरी असतंच. सुरुवातीला मी हलकी म्हणून दीड चौरस मिलिमीटरची वायर नेली होती. मोटर नुसती गुंगुं करायची, फिरायचीच नाही. चालू होताना ती नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते. साठ मीटर बारीक तारेत तेवढ्यात सत्तर व्होल्टच्या आसपास गळतात. आता चार चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल आहे, तिसरी अर्थिंगची. वजन दुपटीने वाढलं. कुरकुर करत नेतो, पण मोटर पहिल्या झटक्यात फिरते.

तो मुलगा परत आला. करवतीसमोर उभं राहायला त्याला तीन महिने लागले, तोवर तो माप घ्यायचा आणि लाकूड धरायचा. मी घाई केली नाही. मनगट अजून पावसाळ्यात दुखतं. आता चौघांच्या गटात जोडणी तोच तपासतो. पात्याच्या एका दाताला खडूची खूण करून तोच दात पुढे आणि मागे गाईडपासून मोजतो. दोन मापं जुळली नाहीत तर स्विचला हात लावू देत नाही. मलासुद्धा. गेल्या महिन्यात उशीर झाला होता, पाऊस भरून आला होता. मी म्हणालो, "अरे, वर्कशॉपमध्ये जुळवलंय ना?" तो म्हणाला, "सर, मोजू द्या." मी बाजूला झालो.

यंदा द्राक्षांच्या हंगामात त्या चौघांपैकी दोघे गेले, दोघे घरी राहिले. एवढाच फरक आहे, फुगवून सांगत नाही. चौघांना वर्षभर पुरेल इतकं काम अजून एका करवतीला मिळत नाही, आणि पावसात चार महिने ती वर्कशॉपमध्येच असते.

जेवणाच्या रांगेतल्या ताई आज आल्या असतील, तर त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. पलीकडच्या डोंगरावरच्या दोन पाड्यांवर गिरणी वस्तीपासून शंभर मीटरांवर आहे आणि आमची केबल साठ मीटरांची आहे. कुणाच्या कारखान्यात, गोठ्यात, बांधकामावर चार चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड, तीन तारांची तांब्याची केबल पडून असेल, तर भंगारात घालू नका. चाळीस मीटर पुरेल. सांधे असलेली चालणार नाही. बारीक असेल तर मात्र, नम्रपणे सांगतो, घरीच ठेवा.