खिळ्यातून सुटलेले अक्षर

रायपूरचा मराठी माणसाशी संबंध भोसल्यांच्या अमलापासूनचा. त्या संबंधाचा एक धागा छापखान्यातूनही गेलेला आहे. 1900 च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे मराठी! मासिकाचे प्रारंभीचे अंक रायपुरातील कय्यूमी छापखान्यात छापले जात. सप्रे तेव्हा तिशीच्याही आतले होते. हा प्रयोग पैशाच्या अडचणीने 1902 च्या अखेरीस थांबला, हे खरे. पण त्या मुलखात मासिक चालविता येते हे त्याने दाखवून दिले.

त्या काळचा जुळारी उभ्या-उभ्या काम करी. इंग्रजी जुळविणाऱ्याचा जीव थोड्या घरांत भागे. देवनागरीला शेकडो खिळे लागत. उकार खाली, रफार वर, वेलांटी पुढे, आणि जोडाक्षरांचा तर सुमार नाही. पेटीत जो खिळा नसेल तो शब्द मोडूनतोडून बसवावा लागे. अक्षर कसे दिसावे हे लिहिणाऱ्याच्या बोटांनी नव्हे, तर शिशाच्या पेटीने ठरवायचे, अशी ही स्थिती होती.

ती मान्य न करणारा एक विद्यार्थी मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत शिकून बाहेर पडला. र. कृ. जोशी यांचा जन्म 1936 चा. उपजीविकेसाठी ते जाहिरातीच्या व्यवसायात गेले आणि ‘उल्का’ या संस्थेत त्यांनी दीर्घकाळ कलादिग्दर्शन केले. परंतु त्यांचे मन अक्षरात होते. साठोत्तरी काळात मराठीत मूर्त कवितेचे जे प्रयोग झाले, त्यांत जोशी अग्रभागी होते. या कवितेत शब्द ओळीत निमूटपणे बसत नाही. तो पानभर पसरतो, गळतो, उलटा होतो, आणि वाचकाला पान फिरवून पाहावे लागते. अर्थ वाचकाच्या हालचालीतून घडतो. पुष्कळांना हा पोरखेळ वाटला. पण कान आणि डोळा यांचे नाते शोधण्याची ही एक कठोर शिस्त होती, हे पुढे सिद्ध झाले.

1983 साली ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि त्यांच्यासमोर संगणक आला. तेथे जुळाऱ्याचीच अडचण नव्या वेषात उभी होती. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशा कळा दाबल्या की ‘क्ष’ उमटला पाहिजे. म्हणजे जुळाऱ्याच्या हातातील ज्ञान आता अक्षरसंचातच भरावयास हवे. जोशींनी विंडोजसाठी घडविलेल्या ‘मंगल’ या संचात ही जाण उतरली. पुस्तकाच्या पानावर मंगल काहीसा रुंद आणि मोकळा दिसतो. पण तो मुख्यतः पडद्यासाठी घडला होता, हे टीका करताना विसरू नये.

आज रायपुरातील आलेख्य-कलेचा विद्यार्थी संगणक उघडतो तेव्हा हेच अक्षर पुष्कळदा त्याच्यासमोर असते. दुसऱ्या बाजूला ‘कृतिदेव’सारखे जुने संच आहेत. त्यात टंकलेला मजकूर तो संच नसलेल्या यंत्रावर नेला की रोमन लिपीतील निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. भित्तिपत्रक करणाऱ्याला हे चालून जाते, कारण त्याला केवळ चित्र हवे असते. पण ज्याला वाचकाने स्पर्श करावा, शोधावे, उत्तर द्यावे असे काही घडवायचे आहे, त्याचा प्रयोग येथेच अडतो. यंत्राला तो मजकूर देवनागरी म्हणून ओळखताच येत नाही.

अखेरच्या वर्षांत जोशी वैदिक स्वरचिन्हांच्या मागे लागले होते. उदात्त-अनुदात्तांच्या खुणा पाठशाळांत हस्तलिखितांतून व छापील पोथ्यांतून चालत आल्या होत्या. त्यांना संगणकाच्या संकेतावलीत जागा मिळावी म्हणून ते खटपट करीत होते. 2008 च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. युनिकोडमध्ये वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला तो पुढच्या वर्षी.