शिक्षा संपल्यावर करावयाचा अर्ज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मुलांचा अभ्यास नाहीतर घरखर्चाची काटकसर असे काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी निराळाच विषय सांगितला. शुभदिनी कोर्टकचेरी कशाला, असे त्या म्हणाल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ज्या घरातल्या माणसाला एकदा शिक्षा होते, त्या घरातील बाई हळदीकुंकवाला यायची हळूहळू बंद होते. म्हणून हा विषय चारचौघींनी जमून बोलण्याचाच आहे.

मी वकील नाही. जे सांगणार आहे ते माझ्या माहेरी घडले आणि ते माझ्या भावाला विचारून सांगते आहे.

माझा धाकटा भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात टेंपो चालवी. एका पावसाळ्यात पहाटेच्या अंधारात त्याच्या टेंपोची धडक सायकलवरून दूध घालणाऱ्या एका गृहस्थांना बसली. त्यांचा पाय मोडला. टेंपो वेगात होता. चूक भावाची होती. खटला चालला, दंड झाला, आणि चार वर्षे वाहन चालवण्याचा परवाना बाळगायचा नाही, असा हुकूम झाला.

दंड आम्ही बांगड्या मोडून भरला. परवान्याचे काय करायचे ते कोणालाच कळेना. मग आम्ही घरात एक ठराव केला, आणि तो करण्यात मी पुढे होते, हे मला आज कबूल केले पाहिजे. ठराव असा, की कोणाला काही सांगायचे नाही. शेजाऱ्यांना सांगितले, टेंपोचा धंदा परवडेना म्हणून सोडला. भाऊ त्याच यार्डात हळदीची पोती वाहू लागला. निवडणूक आली तेव्हा तो घरीच बसला. शिक्षा झालेल्याला मत नसते, असे त्याला कोणी सांगितले होते आणि आम्हीही ते खरे धरले. अशी दोन वर्षे गेली. एक दिवस त्याच्या पाठीला शेक देता देता भावजय मला म्हणाली, “वन्सं, चुकीची शिक्षा झाली ती झाली. पण ती संपायची कधी हो?”

तिचा प्रश्न डोक्यात घेऊन मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेले. 1987 च्या कायद्याने तेथे मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना तो मिळण्यास उत्पन्नाची अट नाही, हे मला तेथेच समजले. तेथल्या वकीलबाईंनी हुकूम वाचला आणि विचारले, “दोन वर्षे काय करत होतात?”

मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 23 मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की परवान्याची बंदी झालेल्या माणसाला हुकमाच्या तारखेपासून सहा महिने उलटल्यावर, ज्या कोर्टाने किंवा अधिकाऱ्याने ती घातली त्यांच्याकडेच, ती उठवावी असा अर्ज करता येतो. सर्व परिस्थिती पाहून बंदी रद्द करता येते किंवा कमी करता येते. अर्ज नामंजूर झाला तर तीन महिन्यांनी पुन्हा करता येतो. म्हणजे दार सहा महिन्यांनीच किलकिले झाले होते. आम्ही मात्र दोन वर्षे त्याकडे पाठ करून बसलो होतो.

आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला. वकीलबाई परगावी होत्या, म्हणून तो मीच लिहून दिला होता. भाऊ निर्दोष आहे, रस्ता खराब होता, सायकलला दिवा नव्हता, असे मी बहिणीच्या मायेने दोन पाने भरून लिहिले. वकीलबाई परत आल्यावर म्हणाल्या, “ताई, गुन्हा शाबीत झालेला आहे. या अर्जात तो पुन्हा लढायचा नसतो. त्यानंतर हा माणूस कसा वागला, एवढेच सांगायचे असते.”

मधल्या तीन महिन्यांत भाऊ त्या दूधवाल्या गृहस्थांच्या घरी जाऊन आला. मला म्हणाला, “अक्का, कोर्टापेक्षा तो उंबरा अवघड होता.” ते गृहस्थ अजून थोडे लंगडत होते. त्यांनी त्याला बसवून घेतले आणि एवढेच म्हणाले, “यायला उशीर केलास.”

दुसरा अर्ज एकाच पानाचा झाला. चूक माझी होती, असे पहिलेच वाक्य. सोबत हुकमाची नक्कल, दंड भरल्याची पावती, यार्डातल्या व्यापाऱ्याचे वर्तणुकीचे पत्र, आणि बंदीच्या काळात एकदाही वाहन चालवले नाही हे प्रतिज्ञापत्र. भगिनींनो, हे शेवटचे फार महत्त्वाचे. बंदी असताना गुपचूप गाडी चालवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मग अर्जात सांगण्यासारखे काही उरत नाही. आमचा अर्ज मंजूर झाला. दीड वर्षाची बंदी उठली.

तो हुकूम घेऊन पुढे आर.टी.ओ. कचेरीत जावे लागते. मधल्या काळात परवान्याची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज निराळा, आणि मुदत संपून वर्ष उलटले असेल तर चाचणीही द्यावी लागते.

या खटपटीत मला आणखी काही गोष्टी समजल्या. आपण जे गेले म्हणून रडतो, त्यातले पुष्कळसे गेलेलेच नसते.

मताचेच घ्या. माणूस तुरुंगात असेल तोवर त्याला मत देता येत नाही. बाहेर आल्यावर शिक्षा झाली होती म्हणून मत जात नाही. नाव यादीत नसेल तर नमुना 6 भरून ते घालून घ्यावे. माझ्या भावाला तर तुरुंगवासही झाला नव्हता. त्याचे मत आम्ही आमच्या अज्ञानाने बुडवले.

वडिलार्जित वाटा. शिक्षा झाली म्हणून वारसा जात नाही. ज्याचा खून केला त्याचाच वारसा खुन्याला मिळत नाही, एवढाच अपवाद 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. तुरुंगातून आलेल्या दिराला घराबाहेर ठेवून त्याचा वाटा गिळणे याला कायद्याचा आधार नाही.

पासपोर्ट. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर त्या दोषसिद्धीपासून पाच वर्षे तो नाकारता येतो. ती पाच वर्षे संपली की हे कारण उरत नाही.

पहिल्याच चुकीत सापडलेल्या तरुण मुलांच्या आयांनी 1958 चा परिविक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा, लक्षात ठेवावा. कोर्टाने तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर कलम 12 प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. हे मागायचे ते शिक्षा ठरण्याच्या वेळी, वकिलामार्फत. मागून हळहळून उपयोग नाही.

आता पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, म्हणून हेही सांगते. सहा महिने किंवा अधिक कैद झालेल्या व्यक्तीला सुटकेनंतर पाच वर्षे ग्रामपंचायतीचे सदस्य होता येत नाही. पण एखाद्या प्रकरणात ही मुदत कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. विधानसभा-लोकसभेसाठी असाच अधिकार निवडणूक आयोगाला आहे. 2019 साली सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांची सहा वर्षांची अपात्रता आयोगाने एक वर्ष एक महिन्यावर आणली. ते योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे घालत नाही. मला एवढेच दिसते, की मोठ्या माणसांना अर्जाची वाट माहीत असते. हळदीची पोती वाहणाऱ्याला ती कोणी दाखवत नाही.

आणखी एक. नोकरीच्या अर्जात शिक्षेविषयी विचारले असेल तर खोटे लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितले आहे, की दिलेली माहिती खरी असली पाहिजे. पण लहान वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा विचार करून तो पोटात घालू शकतो. लपवलेले उघडे पडले की चूक दुप्पट होते.

आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1939 साली औंध संस्थानात ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, आणि कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. त्या प्रयोगावरून सुचलेला शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट आपल्यातल्या कित्येकींनी डोळे पुसत पाहिला असेल. पडद्यावरच्या कैद्यांसाठी डोळे पुसणे सोपे आहे. आपल्या आळीतल्या माणसाला “काय रे, कसा आहेस?” म्हणणे अवघड जाते. मला स्वतःला ते सख्ख्या भावाच्या बाबतीत दोन वर्षे जमले नाही.

म्हणून मंडळाला माझी एक लहानशी विनंती आहे. महिन्यातून एक दुपार आपल्यापैकी दोघींनी मंडळात बसावे. ज्या बाईच्या घरी असा कागद आला असेल, तिचा कागद वाचून द्यावा, मुदतीच्या तारखा वहीत लिहून द्याव्यात, आणि विधी सेवेच्या कचेरीत तिच्यासोबत जावे. जाणे शक्य नसेल तर 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे. यासाठी वर्गणी लागणार नाही. तिचे नाव चहाच्या वेळी चघळायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल.

भाऊ आता पुन्हा टेंपो चालवतो; सावकाश चालवतो. मागच्या निवडणुकीत बोटाची शाई दाखवायला तो मुद्दाम माझ्या घरी आला होता. भावजयही आज आली आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे. तिला कोणी शोधू नका. पण पुढच्या वर्षी ती पुढे येऊन बसेल, असे आपण सगळ्या मिळून वागू या.