आधी सोफा, मग सबवूफर

आजचा विषय होम थिएटर. कुठला सेट घ्यायचा ते नाही. घेतलेला सेट खोलीत ठेवायचा कुठे, ते.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून सवयीने आधी गणित. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. आमचा हॉल १४ फूट लांब, म्हणजे ४.२७ मीटर. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागा, उत्तर येतं साधारण ४०. म्हणजे ४० हर्ट्झचा बेस या लांबीत बरोबर अडकतो. दोन्ही भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ गायब होतो. म्हणून सोफा खोलीच्या मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको. आमचा सोफा मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे आहे. आई म्हणाली, "मागे क्रिकेट खेळायचंय का?" पण जागा मिळाली.

आता सबवूफर. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. त्यामुळे तो टीव्हीजवळच हवा असं काही नाही. जागा शोधायची युक्ती ऐका. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. मोबाईलवरून ३० ते ८० हर्ट्झचा चढता सूर लावा, आवाज बेताचा. मग भिंतींच्या कडेने चक्क रांगत फिरा. जिथे सगळे सूर साधारण सारखे ऐकू येतात, एखादाच घुमत नाही, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या. कोपऱ्यात बेस सगळ्यात मोठा येतो, पण मोठा म्हणजे चांगला नव्हे.

बाकीचे स्पीकर पटकन सांगतो. डावा-उजवा मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. ५.१ मधले सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला, किंचित मागे.

राहिला सेंटर स्पीकर. सिनेमातले बहुतेक संवाद यातूनच येतात. खरं सांगू, आमच्याकडे हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. त्यांना कमी ऐकू येतं. "काय बोलतायत तेच कळत नाही," म्हणत ते सिनेमा अर्ध्यात सोडून आत जायचे. आवाज वाढवला की खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठायचं. मग सेंटर स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचा तुकडा देऊन त्याचं तोंड कानांकडे केलं आणि रिसीव्हरमध्ये फक्त त्याची पातळी ३ डेसिबलने वाढवली. एकूण आवाज उलट कमी केला. आता बाबा शेवटपर्यंत बसतात, वर मध्येच कोण काय म्हणालं ते आईला सांगतात!

आणि बाळाचं काय? सबवूफरखाली जाड रबर ठेवलं की स्लॅबमधून जाणारा कंप थोडा कमी होतो. हवेतून जाणारा बेस मात्र थांबत नाही. म्हणून रात्री दहानंतर आमचा सबवूफर बंद.

या रविवारी टेप काढा, हॉल मोजा आणि तो भागाकार करून बघा. तुमचा आकडा किती आला, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!