‘टेक’ आणि ‘घेणे’
(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गातील व्याख्यान)



इंग्रजी भाषेतील जी क्रियापदे अगदी आखूड व नेहमीच्या परिचयाची, तीच शिकविण्यास सर्वांत अवघड असतात. लांबलचक शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो. तो कोशात पाहिला की काम भागते. ‘टेक’ सारखा तीन-चार अक्षरी शब्द मात्र मोठ्या कोशात रकानेच्या रकाने व्यापून बसतो. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ या नावाने ८५० शब्दांची एक सोपी इंग्रजी मांडली. तीत क्रियापदे अवघी १८ ठेविली होती, आणि त्या अठरांत ‘टेक’ला स्थान होते. यावरून या शब्दाच्या अंगी किती कामे आहेत, याची कल्पना यावी.

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. तेव्हापासून सहा वर्षांच्या बालकाच्या कानी हा शब्द पडतो, आणि फळ्यावर एक समीकरण लिहिले जाते : ‘टेक म्हणजे घेणे’. हे समीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ते मुलास कोठे तारते व कोठे बुडविते, हे पाहणे हाच या व्याख्यानाचा हेतू होय.

प्रथम शब्दाचे कूळ थोडक्यात. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ हे त्याचेच भावंड. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन वसले. त्यांच्या भाषेतील ‘ताका’ या क्रियापदाचे ‘टेक’ झाले आणि त्याने हळूहळू घरच्या ‘निमन’ला हुसकावून लावले. बधिर या अर्थाचा ‘नंब’ हा शब्द मात्र त्या जुन्या क्रियापदाची खूण म्हणून मागे राहिला आहे. ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ तो नंब. अशा रीतीने जी भाषा स्वतःचे ‘घेणे’सुद्धा परक्याकडून घेते, तिच्यात त्या शब्दाचे अर्थ पसरत जावेत यात नवल नाही.

आता मुख्य अर्थ पाहू जाता ते असे दिसतात :

१. हाताने धरणे, उचलून घेणे. ‘टेक धिस चॉक’ : हा खडू घे.
२. नेणे. ‘टेक द रजिस्टर टु द हेडमास्टर’ : हजेरीपत्रक मुख्याध्यापकांकडे ने.
३. वेळ लागणे. ‘इट टेक्स टेन मिनिट्स’ : दहा मिनिटे लागतात.
४. सेवन करणे. ‘टेक युवर मेडिसिन’ : औषध घे.
५. छायाचित्र काढणे. ‘ही टुक अ फोटो’ : त्याने फोटो काढला.
६. जागेवर बसणे, वाहनाने जाणे. ‘टेक युवर सीट’, ‘टेक अ बस’.

यांपैकी पहिल्या व चौथ्या अर्थी मराठी ‘घेणे’ चपखल बसते. दुसऱ्या अर्थी मराठीत ‘नेणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे, आणि ही गोष्ट शिक्षकाच्या फार उपयोगाची आहे. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांतील भेद शिकविताना मराठी मुलास काहीच नवीन शिकवावे लागत नाही. ‘आणणे’ आणि ‘नेणे’ यांचा भेद त्याने घरीच आत्मसात केलेला असतो. ‘इकडे आण’ तेथे ‘ब्रिंग’, ‘तिकडे ने’ तेथे ‘टेक’, एवढे सांगितले की पुरे. मात्र ‘टेक म्हणजे घेणे’ एवढेच फळ्यावर लिहून थांबणारा शिक्षक ही आयती शिदोरी वाया घालवितो.

तिसऱ्या अर्थी मराठीत ‘लागणे’ येते. मराठीत भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात, आणि वेळही लागतो. यांपैकी वेळ व श्रम लागण्यापुरतेच ‘टेक’ वापरावे, हे उदाहरणांनी ठसवावे.

काही वाक्प्रयोगांत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. ‘टेक पार्ट’ म्हणजे भाग घेणे, ‘टेक अ ब्रेथ’ म्हणजे श्वास घेणे, ‘टेक केअर’ म्हणजे काळजी घेणे, ‘टेक ॲन ओथ’ म्हणजे शपथ घेणे. पाठाचा आरंभ येथून करावा. परकी भाषा आपल्या ओळखीची आहे असे मुलास वाटले, की त्याची जीभ मोकळी होते.

परंतु खरी कसोटी पुढे आहे. मराठीत गुरुजी परीक्षा ‘घेतात’ आणि विद्यार्थी ती ‘देतो’. इंग्रजीत नेमके उलट : परीक्षेस बसणारा ती ‘टेक’ करतो. मराठीच्या दृष्टीने विद्यार्थी आपल्या ज्ञानाची परीक्षा गुरूस देतो. इंग्रजीच्या दृष्टीने प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती येते व तो ती घेतो. दोन्ही दृष्टी आपापल्या ठिकाणी सयुक्तिक आहेत. पण ‘गुरुजी उद्या परीक्षा घेणार आहेत’ या वाक्याचे भाषांतर मुलाने ‘टीचर विल टेक ॲन एक्झाम टुमॉरो’ असे केले, तर इंग्रजाच्या कानाला गुरुजीच परीक्षेस बसणार असे वाटते. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नसते. चुकलेला असतो तो व्यवहार. भारतातील सुशिक्षितांच्या बोलण्यातही ‘परीक्षा देणे’ या अर्थी ‘गिव्ह’ सर्रास ऐकू येते व येथील श्रोत्यास ते समजतेही. तथापि पुढे परदेशी ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद ठाऊक असणे अवश्य आहे.

दुसरे उदाहरण बाजाराचे. ‘बाबांनी दुकानातून सदरा घेतला’ यात पैसे देऊन घेतला हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. मुलाने ‘फादर टुक अ शर्ट फ्रॉम द शॉप’ असे लिहिले, तर बिचाऱ्या बापावर चोरीचा आळ येतो. येथे ‘बॉट’ हवे. तिसरे उदाहरण ‘जेवून घे’, ‘शिकून घे’, ‘समजून घे’ या प्रयोगांचे. येथील ‘घे’ स्वतःसाठी क्रिया पुरी करण्याचा भाव दाखविते. त्याला ‘टेक’ चालत नाही. ‘लिहून घ्या’ यास मात्र ‘टेक डाउन’ चालते. म्हणजे नियम पाठ करून येथे निभाव लागत नाही. प्रत्येक प्रयोग कानाने ओळखीचा करावा लागतो.

‘टेक’च्या जोडीस लहान अव्यय आले की अर्थ पालटतो. ‘टेक ऑफ युवर शूज’ म्हणजे बूट काढा. पण विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा ते उडते. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. कचेरीतील ‘चार्ज घेणे’ त्याच्याच जवळचे. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ याचे मराठी ‘ती आईवर गेली आहे’. हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. ‘आईवर गेली’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर काय होईल, असे विचारताच मुले हसतात, आणि शब्दास शब्द ठेवून भाषांतर का होत नाही, हे त्यांना व्याख्येवाचून उमगते.

समानार्थी शब्दांविषयीही सावधगिरी हवी. ‘रिसीव्ह’, ‘ॲक्सेप्ट’, ‘सीझ’, ‘कॅरी’ हे शब्द ‘टेक’चे प्रतिशब्द म्हणून पाठ करविले जातात. पण ‘रिसीव्ह’ म्हणजे मिळणे, ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे. लग्नाचे आमंत्रण मिळाले तरी ते स्वीकारलेच असे होत नाही. ‘सीझ’मध्ये झडप घालण्याचा वा जप्तीचा भाव आहे, तर ‘कॅरी’मध्ये ओझे वाहण्याचा. एकाच रांगेत बसविलेले हे शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असे नाही.

महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीने पाया पक्का केला, यात शंका नाही. मात्र तिचा आत्मा शब्दांची यादी हा नसून वाक्यांचा सराव हा होता, हे विसरता कामा नये. तेव्हा शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ‘टेक’ कधीही एकटे शिकवू नये. सोबतच्या शब्दासह शिकवावे. एका वेळी एकच अर्थ घ्यावा आणि तो कृतीने दाखवावा : खडू घे, वही ने, जागेवर बस. ‘टेक, टुक, टेकन’ ही रूपे पाठ करून घेताना प्रत्येक रूप वाक्यात घालावे. आणि मराठी व इंग्रजी यांच्या वाटा जेथे फुटतात, तेथे दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘टीचर टेक एक्झाम’ म्हणणारे मूल विचार न करता बोललेले नसते. ते आपल्या मातृभाषेच्या नियमास अनुसरून, अगदी तर्कशुद्ध बोललेले असते. त्यास वर्गात हसले गेले तर ते पुन्हा इंग्रजीत तोंड उघडणार नाही, आणि न बोललेल्या भाषेत चुका होत नाहीत तशी प्रगतीही होत नाही. म्हणून तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने त्या वाक्यामागील मराठी वाक्य मुलास विचारावे. ते मराठी वाक्य बरोबर आहे असे आधी सांगावे, आणि मग इंग्रज तीच गोष्ट कशी म्हणतो, ते दाखवावे. एवढे घडले, तर एका लहानशा क्रियापदाच्या निमित्ताने मूल दोन्ही भाषा शिकेल.