म्हाताऱ्या घोड्याची चंदी



मंडपात शिरतानाच एका गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. घोडी एकवीस वर्षांची आहे, खावयास तोंड घालते, पण फासळ्या मोजता येतात. हरभरा वाढवून पाहिला, उपयोग नाही. यंदा सारंगखेड्यास नेऊन विकावी काय, असा प्रश्न आहे. मला आज जे बोलावयाचे आहे ते बहुतेक सारे या प्रश्नात आलेले आहे. उत्तर शेवटी देईन. तोवर त्या गृहस्थांनी उठून जाऊ नये, एवढीच विनंती.

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, ग्रहगोल यावेत. घोड्याचा तोबरा व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी मनात म्हणत असेल. पण हा विषय शिंदखेड्यास नाही काढावयाचा, तर कोठे काढावयाचा? दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो आणि दूरदूरचे मारवाडी, काठेवाडी घोडे तेथे येतात. आपल्याकडचे टांगे गेले. पण नवरदेवाची घोडी अजून आहे, आणि ठेलारी बांधवांच्या मेंढ्यांमागून संसार पाठीवर घेऊन चालणारी तट्टेही आहेत. बाजारात उमद्या शिंगरांची तारीफ सगळेच करतात. म्हाताऱ्या जनावराकडे कोणी पाहत नाही. आणि पाहिलेच, तर भाव पाडण्यासाठी पाहतो.

माझ्या चुलत्यांची एक घोडी होती. विशी उलटल्यावर ती वाळू लागली. जो तो म्हणे, चंदी वाढवा. चुलत्यांनी स्वतःच्या चहाची साखर कमी केली असेल, पण तिचा हरभरा दुप्पट केला. सकाळी तिच्या लिदीवर कोंबड्या तुटून पडत. आम्हां पोरांना त्याची मोठी गंमत वाटे. लिदीत अख्खे दाणे असत, म्हणून कोंबड्या येत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. गव्हाणीखाली चघळून टाकलेले कडब्याचे ओले बोळे पडलेले असत. ते आम्ही झाडून टाकत होतो. शेवटी चुलते तिला बाजारात घेऊन गेले आणि रिकामा दोर घेऊन परत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी दातांविषयी वाचले, तेव्हा ते बोळे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. घोडीने आपला रोग रोज आमच्या पायाशी आणून टाकला होता.

घोडा म्हणजे बिनशिंगांची गाय नव्हे. गाय घाईने गिळते आणि निवांत रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. जे चावावयाचे ते पहिल्याच घासाला. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, दहा-पंधरा लिटरांचे. आणि त्याला ओकता येत नाही. गवताचा चोथा पचतो तो पुढे, मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या हातून. म्हणून वैरण हे त्याचे खरे अन्न. दाणा ही वर घातलेली भर. एका वेळी फार दाणा पडला, की त्यातील पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते, आणि मग पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत दाह होऊन जनावर पाय टेकीनासे होते. वाळलेल्या घोड्याला प्रेमाने पायली पुढे करणारा मालक त्याला संकटात लोटतो तो असा.

वैरणीची ही किंमत जुन्या लोकांना ठाऊक होती. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. ते मुख्यतः रयतेला उपद्रव होऊ नये म्हणून लिहिलेले. पण त्यात दाणा आणि वैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, असा हिशेब स्पष्ट मांडलेला आहे.

आता दात. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तितक्याच झिजतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. ती गालाला व जिभेला कापते. पशुवैद्याने कानशीने ती घासून द्यावी लागते. वर्षातून एकदा तपासणी पुरते. पंचविशीच्या पुढे मात्र दाढाच संपत येतात, आणि तेथे कानस काही करू शकत नाही. तेथून पुढे चावण्याचे काम मालकाने हातात घ्यावयाचे असते.

म्हणजे काय करावयाचे? अख्खा कडबा बंद. कोवळे मारवेल मिळाले तर उत्तम. नाहीतर दादरीच्या कडब्याची बारीक कुट्टी पाण्यात भिजवून द्यावी. जोडीला बारीक कापलेला लसूणघास, कारण त्यात प्रथिने आणि चुना दोन्ही आहेत. हरभरा द्यावयाचा तर भरडून, भिजवून, एका वेळी किलोच्या आत, आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून. कोरडा चारा घाईने गिळला तर नरड्यात अडकतो, म्हणून सारे अंबोणासारखे ओले असावे. दक्षिणेत कुळीथ शिजवून घालीत. इंग्रजांनी त्याला 'हॉर्स ग्रॅम' हे नावच देऊन टाकले. अंगावर मांस धरावयास तेल चांगले. आरंभी दोन चमचे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत वाटीभर. जवस द्यावयाचा तर चांगला उकळूनच. रोज थोडे मीठ आणि पाणी मनसोक्त. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत सावकाश करावा; आतड्यांतल्या जंतूंनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

गव्हाच्या कोंड्याविषयी आपल्याकडे फार श्रद्धा आहे. चव येण्यापुरता घालावा; पण पाटीभर कोंडा रोज घातला तर त्यातील स्फुरदामुळे हाडांतला चुना जातो आणि तोंडाची हाडे सुजतात. ढेप गाईसाठी राहू द्यावी. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशीचा वास आला, तर ती उकिरड्यावर जावी. कोंबड्यांचे खाद्य तर घोड्याच्या तोंडाजवळही नेऊ नये. त्यात मोनेन्सिनसारखे औषध असले, तर ते घोड्याच्या हृदयावर जाते. गुळाचेही तसेच तारतम्य. ज्या म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावर वैशाखातही लांब केस राहतात, त्याचा मेंदूतील एका ग्रंथीचा विकार असू शकतो; त्याला गूळ आणि दाणा दोन्ही बाधतात.

आणि जो घोडा म्हातारा नाही, तरी अंगी लागत नाही, त्याचे काय? त्याचेही दात आधी पाहावेत. मग लीद तपासून जंताचे औषध. मग गव्हाणीशी उभे राहून पाहावे. पुष्कळदा शेजारचे दांडगे जनावर त्याला खाऊच देत नाही. याला खर्च नाही, फक्त अर्धा तास लागतो.

वैरण किती, हे अंदाजावर सोडू नये. शिंप्याचा फीत घ्यावा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणावे, मग खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११८८० ने भागावे. वजन किलोत येते. घेर १६५, लांबी १५० असेल, तर घोडा सुमारे ३४४ किलोंचा. त्याच्या शंभर भागांपैकी दोन भाग, म्हणजे सातएक किलो, सुकी वैरण रोज पोटात गेली पाहिजे. भिजवण्यापूर्वी तोलावी.

आता त्या गृहस्थांची घोडी. महाराज, उद्या सकाळी लीद काठीने मोडून पाहा आणि गव्हाणीखाली बोळे आहेत का पाहा. मग पशुवैद्याकडून दाढा दाखवून घ्या, आणि मी सांगितले ते दोन महिने करा. लग्नसराई आहे खरी. तरी तेवढे दिवस तिला वरातीस लावू नका, बुडालेली बिदागी पोटात घाला. दर पंधरा दिवसांनी फीत लावून आकडा भिंतीवर लिहा. आकडा वाढला नाही, तर पुन्हा वैद्याला बोलवा, कारण मग दोष दातांपलीकडचा आहे. मार्गशीर्षाला अजून सात महिने आहेत. विकावयाचीच झाली, तर दाढांचे काय ते घेणाऱ्याला सांगून विका, म्हणजे तो तरी तिला कुट्टी भिजवून घालील.